नॉर्वेची धून आणि फाटलेला ओठ

मुंबईहून बोटीने मी शारजाला आले, तेव्हा या मुलखाला अमिरात हे नाव मिळायचं होतं. माझा नवरा आमच्याच रत्नागिरीकडचा, खाडीपलीकडच्या गावातला. मुंबईत तो लग्नाच्या बँडमध्ये कॉर्नेट वाजवायचा. कॉर्नेट म्हणजे ट्रम्पेटचं आखूड भावंड, आवाजाने जरा मऊ. इथल्या फौजेने नवा बँड उभा करायला घेतला तेव्हा कोणीतरी ह्यांचं नाव सुचवलं, आणि हे इकडे आले. घराची सोय झाल्यावर त्यांनी मलाही बोलावून घेतलं.

घर म्हणजे खजुरीच्या झावळ्यांच्या भिंती. वारा आरपार जायचा आणि आवाजही. शेजारी एक अरब म्हातारी राहायची. तिला सगळे खाला, म्हणजे मावशी, म्हणत. तिला व्यापाऱ्यांकडून शिकलेलं थोडं हिंदी यायचं, मला तिच्याकडून शिकलेलं थोडं अरबी. तेवढ्यावर आमचं छान चालायचं.

बँडमास्तर इंग्रज होते. उंच, अबोल, कोणावर आवाज न चढवणारे. दुसरं महायुद्ध संपल्यावर काही काळ ते नॉर्वेत होते. तिथून त्यांनी एका लष्करी मार्चचे कागद आणले होते. त्या मार्चला तिथल्या कुठल्याशा डोंगराळ प्रांताचं नाव आहे, असं हे सांगत. मला तो उच्चार कधी जमला नाही. आमच्या घरात ती 'नॉर्वेची धून' झाली.

तिची सुरुवात एकटा कॉर्नेट करतो. बाकीचे सगळे जवळजवळ गप्प असतात आणि हा एकटा लांबून हाक मारल्यासारखे सूर लावतो. ते काम ह्यांच्याकडे आलं. सकाळी चहा झाला की हे अंगणात उभे राहून तेवढंच वाजवत बसायचे. पुन्हा पुन्हा, थोडं बदलून. मी तांदूळ निवडत ऐकायची. सुरुवातीला कंटाळा यायचा. मग लक्षात आलं की ह्यांनी एखाद्या दिवशी वाजवलं नाही तर मीच गुणगुणते. खालाही गुणगुणायची. तिला लष्करी बँड अजिबात आवडत नसे, डोकं दुखतं म्हणायची. पण हे एक तिला चालायचं. म्हणायची, "ह्यात लढाई नाही गं. कोणीतरी पायी घरी चाललंय."

मला मुलगा झाला त्या हिवाळ्यात ह्यांना अपघात झाला. तेव्हा दुबई-शारजाच्या मध्ये डांबरी रस्ता नव्हता, वाळूतल्या चाकोऱ्या होत्या. फौजेचा ट्रक वाळूत रुतला. ड्रायव्हरने जोर लावून काढला तसा तो उसळला आणि ह्यांचं तोंड समोरच्या लोखंडी दांड्यावर आपटलं. वरचा ओठ फाटला, पुढचे दात गेले. दुबईच्या इस्पितळात टाके घालून त्यांना घरी आणलं तेव्हा मी मुलाला पाजत होते. ह्यांनी मान वळवली, मला तोंड दाखवेनात.

कॉर्नेटवाल्याचं सगळं ओठावर असतं. डॉक्टर म्हणाले, जखम भरेल. वाजवता येईल का, ते मात्र त्यांनाही सांगता येईना. मी मनातल्या मनात सामान बांधायला घेतलं. वाजवू न शकणाऱ्या माणसाला बँड कशाला ठेवेल?

खाला रोज माशाचा पातळ रस्सा आणून द्यायची, कारण ह्यांना चावता येत नव्हतं. भांडं ठेवायची, मुलाच्या कपाळावर हात फिरवायची आणि जायची. एकदाही विचारलं नाही की आता पुढे काय.

मग एका सकाळी बँडमास्तर स्वतः घरी आले. मी चटई घातली. ते गुडघे कसेबसे दुमडून बसले, चहा घेतला आणि त्यांच्या त्या तुटक हिंदीत म्हणाले, "मला मोठ्या ढोलावर माणूस पाहिजे. ढोलाला ओठ लागत नाही. तू येशील?"

हे खाली बघत म्हणाले, "साहेब, मी कॉर्नेटवाला आहे."

"मला माहीत आहे," साहेब म्हणाले. "ओठ तयार झाला की मला सांग. तोपर्यंत ढोल."

ढोलावर आधीपासून माणूस होता, हे आम्हाला नंतर कळलं. साहेबांनी त्याला झांजांवर घेतलं होतं आणि त्यानेही ह्यांना कळू दिलं नव्हतं. हे मला आजही आठवलं की ऊर भरून येतो.

सुरुवातीचे काही दिवस ह्यांना ढोलाची लाज वाटायची. मग एकदा घरी येऊन, टोपीही न काढता, मला म्हणाले, "ऐक. मी आजवर ही धून ऐकलीच नव्हती."

"रोज तर वाजवत होता."

"वाजवताना मला माझंच ऐकू यायचं. पुढच्या सुराची काळजी असायची. आज मागे उभा राहून सगळं ऐकलं. मध्ये एक जागा आहे. खालची मोठी वाद्यं एकच सूर धरून ठेवतात, तंबोऱ्यासारखा, आणि वर एक साधी गावठी चाल चालते. आपल्याकडे हळदीला बायका बसून म्हणतात ना, तसली. कोणालाही येईल अशी."

त्या दिवशी हे अपघातानंतर पहिल्यांदा इतकं बोलले. शब्द नीट फुटत नव्हते, तरी बोलत राहिले.

ह्यांच्या जागी आता एक तरुण बलुची वाजवत होता, ह्यांच्याच हाताखाली तयार झालेला. तो चांगला वाजवायचा. हे घरी त्याची तारीफ करायचे आणि मग आपला कॉर्नेट काढून पुसत बसायचे.

पुढे छावणीतल्या दाताच्या डॉक्टरांनी खोटे दात बसवून दिले. खोट्या दातांनी सगळा अंदाज बदलला. हे नुसतं तोंडाकडचं पितळी टोक ओठाला लावून फुंकायचे. आवाज म्हशीसारखा यायचा. मुलगा खदखदून हसायचा, त्याला तो खेळच वाटायचा. त्याच्या हसण्यामुळे ह्यांना चिडता यायचं नाही. हळूहळू एक सूर लागला, मग दोन. नॉर्वेच्या धुनेतली पहिली हाक पुरी व्हायला उन्हाळा उलटून गेला.

मोठी परेड जवळ आली तेव्हा तो बलुची मुलगा घरी आला. दारातच उभा राहून म्हणाला, "उस्ताद, सुरुवात तुम्ही करा."

हे म्हणाले, "माझा ओठ मध्येच सोडून देतो. सगळ्यांसमोर फजिती होईल."

"मी बाजूला उभा आहे. सूर सुटला तर मी उचलतो. कोणाला कळणार नाही."

परेडला आम्ही बायका एका बाजूला बसलो होतो. खालाही आली होती, डोकं दुखायची तयारी ठेवून. बँड उभा राहिला. ह्यांनी कॉर्नेट उचलला. पहिली हाक स्वच्छ गेली. दुसरीच्या मध्यावर ह्यांचा खांदा जरासा हलला, आणि मला कळलं की ओठ सुटला. पण सूर तुटला नाही. तो शेजारून आला, अगदी हलका. तेवढ्यात ह्यांनी दम घेतला आणि शेवट स्वतः केला. मग सगळा बँड आत आला आणि ढोलावरचा जुना माणूस आपल्या जागी दिमाखात ठोके देऊ लागला.

माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. खालाने ओढणीच्या टोकाने स्वतःचेही डोळे पुसले आणि म्हणाली, "यल्ला, आता घरी जाऊ. मुलाला ऊन लागतंय."

बँडमास्तरांनी नंतर ह्यांना आणि त्या मुलाला बोलावलं. आता ओरडा बसणार, असं ह्यांना वाटलं. साहेब म्हणाले, "दोघांनी केलं ते जास्त चांगलं वाटलं. हे असंच ठेवू या." तेव्हापासून आमच्या बँडमध्ये ती सुरुवात दोन कॉर्नेट वाजवत. ह्यांचा ओठ पुढे पूर्ण सुधारला, तरी हे एकट्याने वाजवायला कधी तयार झाले नाहीत.

साहेब मायदेशी परतले, बलुची मुलगा आपल्या गावी गेला, खाला अल्लाच्या घरी. हे जाऊनही आता बरीच वर्षं झाली. मी मुलाकडे दुबईतल्या अल कुसैसला असते. मागच्या हिवाळ्यात नातीच्या शाळेच्या बँडचा कार्यक्रम होता. ती क्लॅरिनेट वाजवते. काय वाजवणार, हे तिने मला सांगितलं नव्हतं, कारण घरात त्या धुनेची गोष्ट तिने कधी नीट ऐकलीच नव्हती. नॉर्वेच्या धुनेचे सुरुवातीचे सूर आले आणि मी खुर्चीचा हात घट्ट धरला.

नंतर मी नातीला विचारलं, "ही धून कोणी निवडली?"

"वी डिड, दादी," ती म्हणाली. "एव्हरीवन व्होटेड फॉर इट."

त्यांचे संगीताचे सर केरळचे. मी त्यांना म्हटलं, "तुम्ही हे मुलांना शिकवलंत, अल्ला तुमचं भलं करो."

ते हसून म्हणाले, "माँजी, मी दर वर्षी नवं काहीतरी द्यायला बघतो. हे एकदा ऐकलं की मुलं दुसरं घेतच नाहीत."

घरी परतताना नातीला भूक लागली. वाटेत गाडी थांबवून आम्ही गरम पराठे घेतले, आणि ते खाता खाता मी तिला तिच्या आजोबांबद्दल सांगायला सुरुवात केली.