जगनीच्या तीन कुंड्या

घराच्या किल्ल्या मी तीन जणांकडे ठेवते. मुलांच्या प्रमाणपत्रांच्या नकला तीन कपाटांत आहेत. एक जागा दगा देते, दोन सहसा देत नाहीत, तीन तर कधीच नाहीत, असा माझा आजवरचा हिशेब. त्यामुळे मोहगावच्या आत्याने जगनीचं शेवटचं बी माझ्या ओंजळीत टाकलं, तेव्हा मी त्याचे तीन वाटे करणार हे ठरलेलंच होतं.

जगनी म्हणजे कारळं. सौंसरच्या बाजारात जगनी म्हटलं की कळतं, नागपूरच्या नातेवाइकांना कारळं म्हणावं लागतं आणि पुण्याच्या वहिनींना खुरासणी. काळं, चकचकीत, जिऱ्यासारखं बारीक बी. भाजून तिखट-मिठासोबत कुटलं की चटणी होते आणि कुटणाऱ्याचे हात तेलकट होतात. आत्याच्या शेतातल्या वरच्या बरडावर, त्या मुरमाड हलक्या जमिनीवर, ही जगनी दरवर्षी असायची. मग माझ्या आतेभावाने बरडावरही संत्रा लावला, ठिबक टाकलं, आणि जगनी गेली. आसपासही आता कुणी पेरत नाही. उरलं ते आत्याच्या डब्याच्या तळाशी होतं तेवढंच.

"संत्र्यानं घर बांधलं, त्याले मी नावं नाही ठेवत," आत्या म्हणाली. "पण हे बी मले माह्या सासूनं देल्लं होतं. माह्या हातानं मोडलं तं वर गेल्यावर तिले काय सांगू? पोरानं वावराच्या कडेचा एक धुरा मोकळा ठेवला हाय. पुढच्या साली त्याच्यावर पिवळं दिसलं पाहिजे. माह्या डोळ्यानं."

"दिसेल," मी म्हणाले.

"तू म्हणते तं दिसन. मास्तरीण हायेस."

मी सौंसरला बारावीला जीवशास्त्र शिकवते. बी जुनं होतं, राखून ठेवण्यात अर्थ नव्हता, म्हणून श्रावणात सगळंच पेरलं. एक कुंडी माझ्या गच्चीवर, एक धाकट्या बहिणीच्या गॅलरीत पांढुर्ण्याला, एक आत्याच्या अंगणात. एका घरी माकडं आली, दुसऱ्या घरी पाणी घालायचं राहिलं, तरी तिसरं घर शाबूत. तिघींसाठी एकच सूचना लिहून काढली आणि फोनवर वाचून दाखवली. प्रत्येक कुंडीत थोडीच रोपं वर आली. सूचनेप्रमाणे त्यातलं सर्वांत जोमदार एक ठेवायचं, बाकीची उपटायची. कुणी हरकत घेतली नाही. संत्र्याच्या मुलखात वाढलेल्या माणसाला एका खड्ड्यात एक झाड हे शिकवावं लागत नाही. आत्यानेसुद्धा मान डोलावून उपटली.

आणि रोपं काय वाढली! पानं समोरासमोर जोडीने यायची, देठ जवळजवळ नाहीच, पानाचा तळ खोडाला दोन्ही बाजूंनी कवटाळून बसलेला. खोडावर बारीक लव आणि जांभळट झाक. बरडावर जे गुडघ्याच्या वर क्वचित जायचं, ते माझ्या गच्चीवर कठड्याच्या वर डोकावू लागलं. दिवस लहान झाले आणि फुलं आली. सूर्यफुलाचं धाकटं भावंडच. बाहेर आठेक पिवळ्या पाकळ्या, मध्ये पिवळीच गादी. खरं तर ते एक फूल नसतंच. बाहेरची प्रत्येक पाकळी हे एक फूल आणि गादीतली प्रत्येक इवली नळी हेही एक फूल. एका मांडवाखाली सगळं वऱ्हाड बसावं तसं हे कूळ बसतं. झेंडू, शेवंती, गाजरगवत, सगळे याच घरातले. जगनीची स्वतःची शाखा मात्र लहान, बोटांवर मोजता येतील एवढेच सगेसोयरे, तेही बहुतेक आफ्रिकेत राहिलेले.

बहीण रोज फोटो पाठवायची. "ताई, माझी तुझ्यापेक्षा उंच आहे."

दिवाळीनंतर पहिली बोंडं वाळली. मी ताटलीत एक चुरलं. बी निघालं, पण करडं, चपटं. नखाने दाबलं तर नुसतं टरफल. दुसरं बोंड पोचट. तिसरंही पोचट. पांढुर्ण्याला फोन लावला.

"तुझं बघ."

"बघितलं. मी वाटच बघून राहिली होती, तू आधी सांगशील म्हणून," बहीण म्हणाली. "ताई, हवाच आहे आत."

आत्याला फोन लावायचं धैर्य गोळा करत होते, तेवढ्यात तिचाच आला.

"काय व बाई, झाड तं ताडासारखं वाढवलं. बी कुठं हाय?"

"आत्या, बघते मी."

"पाहून राहिली तू श्रावणापासून. झाडाले का चाटू मी?"

फोन ठेवला तेव्हा नवरा शेजारीच उभा होता. "खत कमी पडलं असेल," तो म्हणाला. खत कमी पडलं नव्हतं, ते मी घातलं होतं. पाणी, ऊन, कीड, एकेक कारण मी तपासलं आणि खोडलं. भिंगाखाली फूल धरलं. परागांची नळी होती. तिच्यातून स्त्रीकेसर वर येताना सगळे पराग डोक्यावर घेऊन बाहेर पडत होता, म्हणजे परागांचा तुटवडा नव्हता. एका बोंडात चाळीसेक फुलं एकमेकांना खेटून उभी आणि कुणाला मूल नाही. झाडांच्या शेंड्याला अजून कळ्या होत्या. त्या उमलून संपल्या की आत्याच्या सासूचं बी जगातून संपलं. पुढच्या श्रावणात धुऱ्यावर टाकायला माझ्याकडे टरफलांखेरीज काही नव्हतं.

त्याच आठवड्यात बारावीचा परागणाचा धडा होता. स्वतःचे पराग काही झाडं स्वतःच नाकारतात, हे दरवर्षीसारखं सांगितलं. फळ्यावर लिहिलं, 'स्व-असंगतता'. खाली नेहमीसारख्या दोन रेघा मारल्या. दुसऱ्या रेघेच्या टोकाशी खडू थांबला.

"मॅडम, काय झालं?" पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं.

"जगनी," मी म्हणाले.

"ती येते परीक्षेत?"

"येते," मी म्हणाले. "आत्ताच आली."

बरडावर हजार झाडं एकमेकांच्या अंगावर रेलून वाढायची आणि माश्या याचं त्याला, त्याचं याला देत फिरायच्या. मी हजारातली तीन निवडली, त्यांना उत्तम माती दिली, आणि एकमेकींपासून इतकी लांब ठेवली की कुठलीही माशी तेवढा प्रवास करणार नाही. एक झाड, एक कुंडी, एक गाव. जोखीम वाटायला गेले आणि झाडाचं गोतच वाटून टाकलं होतं.

तास संपताच बहिणीला फोन केला. "रविवारी कुंडी घेऊन ये."

"कुठे?"

"मोहगावला. मीही माझी आणते."

"अगं, पाच फुटी झाड आहे ते! बसमध्ये?"

"खिडकीजवळ बस. शेंडा बाहेर काढू नकोस. कळ्या मोडतील."

रविवारी सौंसरच्या बसस्टँडवर मी तिची वाट पाहत उभी होते. बस आली तेव्हा आधी झाड दिसलं, मग बहीण. जुन्या ओढणीत गुंडाळलेलं झाड मांडीवर आणि चेहरा पानांच्या मागे.

"कंडक्टर म्हणे, या ताईचं तिकीट कुठं हाय," ती उतरता उतरता म्हणाली. "मी म्हटलं, पाच वर्षांखालची आहे."

दोन कुंड्या घेऊन आम्ही मोहगावची गाडी पकडली. जामसांवलीहून मारुतीचं दर्शन करून परतणाऱ्या एका बाईने आमच्यासाठी जागा केली आणि प्रसादाचा नारळ माझ्या झाडाच्या बुंध्याशी टेकवून ठेवला. म्हणाली, पडणार नाही.

आत्या अंगणात काठी घेऊन उभी होती. तिच्या कुंडीला खेटून मी माझी ठेवली, माझ्या कुंडीला खेटून बहिणीची. तिन्ही शेंडे एकमेकांत अडकवले. एक उमललेलं फूल तोडून दुसऱ्या झाडाच्या फुलांवर हलकेच फिरवलं, मग तिसऱ्याच्या.

"लगन लावून देऊन राहिली काय?" आत्याने विचारलं.

"हो."

"मंग अक्षता कुठं हायेत?"

बहीण हसून खाली बसली. आत्याने खरंच घरातून चिमूटभर तांदूळ आणले आणि तिन्ही कुंड्यांवर टाकले. "माह्या सासूकडूनचे," ती म्हणाली. दुपार चढली तशी पहिली माशी आली. माझ्या फुलावर बसली, गादीवर गोल फिरली, पिवळे पाय घेऊन उडाली आणि बहिणीच्या फुलावर उतरली. मला टाळी वाजवावीशी वाटली. वाजवली नाही, माशी उडाली असती.

कुंड्या तिथेच ठेवून आम्ही परतलो. आत्या रोज फोनवर हजेरी द्यायची. आज माश्या आल्या. आज नातू मच्छरांचं औषध मारून राहिला होता, हाकलला. आज पाकळ्या गळल्या. मी एकच सांगत होते, घाई करू नकोस, बोंड काळं पडू दे.

मार्गशीर्षात आम्ही दोघी पुन्हा गेलो. स्टीलचं ताट मांडलं. आत्याने स्वतः शेंड्यावरचं एक बोंड तळहातावर घेऊन चुरलं आणि फुंकर मारली. टरफल उडालं. काळे, टोकदार, चकचकीत दाणे तळहातावर बसून राहिले. तिने एक दाढेखाली धरला. कट्‌ असा आवाज आम्हा तिघींना ऐकू आला.

"भरलं," ती म्हणाली. "तेल हाय व!"

मग आम्ही तिघींनी मिळून बोंडं चुरली आणि ताटात बी टपटपत राहिलं. जुन्या बोंडांची टरफलं वेगळी, नव्यांचे दाणे वेगळे. सगळं बी कुंड्या एकत्र आल्यानंतरच्या फुलांचं. डबा भरला नाही, पण तळ दिसेनासा झाला. या कुळातल्या कितीतरी बियांना कापसासारखी म्हातारी असते, वाऱ्यावर बसून त्या गावोगाव जातात. जगनीच्या बीला असलं काहीच नसतं. जिथे पिकतं तिथेच गळतं. पुढे जायचं तर कुणाच्या तरी मुठीतून.

पुढच्या श्रावणात आत्याने धुऱ्यावर बी फेकलं. काठीवर वाकून, हात लांब करून, दाट. आतेभाऊ मागून म्हणाला, "आई, विरळणी कधी करू?"

"हात तं लावून पाह्य," आत्या म्हणाली.

उपटायला माझाही हात शिवशिवत होता. मी दोन्ही हात पदरात घेतले.

दिवाळी झाली आणि धुरा पेटला. संत्र्याच्या गर्द हिरव्या ओळींच्या कडेने या टोकापासून त्या टोकापर्यंत पिवळी पट्टी. झाडं किडकिडीत, वाकडी, एकमेकांच्या खांद्यावर. माझ्या गच्चीवरच्या झाडापुढे एकही टिकलं नसतं. आणि माश्यांचा असा घोंघाट, की बहिणीला फोनवर ऐकवायला मी हात उंच करून उभी राहिले. आतेभावाने आत्यासाठी खाट धुऱ्याजवळ आणून टाकली होती. तिच्यावर पाय सोडून बसून तिने डोळ्यांवर हात धरला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. मग पुन्हा पहिल्या टोकापासून.

"बोल आता," मी म्हणाले. "काय सांगणार आहेस सासूला?"

"सांगतो की, पोरीनं आधी तीन घरी तीन एकट्या ठेवल्या होत्या, मंग अक्कल आली." ती हसली आणि खाटेवर माझ्यासाठी जागा केली. "आता पिकलं का पुन्हा वाट तीन घरी. तुही सवय हाय ते, सुटणार नाही. पण या बारीनं मुठीनं वाट बापा."

कापणीनंतर मी तीन पिशव्या शिवल्या. प्रत्येकीत मूठभर नाही, ओंजळभर घातलं.