साडेअकरा कोयते

आमच्या त्रैमासिकाच्या मागच्या कव्हरावर एका साखर कारखान्याची जाहिरात असायची. उष्ण प्रदेशातल्या रोगांवरचं इंग्रजी संशोधन-नियतकालिक, आणि कव्हरावर ‘हार्दिक शुभेच्छा’. दर वर्षी कारखान्याकडून जाहिरातीसोबत चेअरमनचा फोटो यायचा, सत्काराचा, गळ्यात हार असलेला. दर वर्षी आमचे संपादक तो परत पाठवायला लावायचे.

“आपला अंक परदेशातल्या ग्रंथालयात जातो,” ते म्हणायचे. “तिथला माणूस विचारेल, या रुग्णाला नक्की झालंय काय?”

संपादक म्हणजे सैन्यातून निवृत्त झालेले डॉक्टर. नगरजवळच्या भिंगारमध्ये आमच्या शेजारी राहायचे. मी तिथल्याच एका लष्करी कार्यालयात मुलकी हिशेबनीस. नव्वदच्या सुमारास त्यांनी अंक काढायचं ठरवलं तेव्हा मला म्हणाले, “लेख मी वाचतो, आकडे तुम्ही वाचा.” वैद्यकातलं मला काही कळत नव्हतं. बेरीज कळत होती, तेवढ्यावर मी व्यवस्थापक झालो.

अंकाच्या तीनशेच्या आसपास प्रती निघायच्या. वर्गणीतून कागद आणि टपाल भागायचं. लेखकांना त्यांच्या लेखाच्या सुट्या प्रती विकल्या की अक्षरजुळणीचे पैसे सुटायचे. छपाई मात्र कारखान्याच्या त्या एका जाहिरातीवर उभी होती. हे संपादकांना ठाऊक होतं, मलाही होतं, आणि म्हणूनच चेअरमनचा फोटो परत करताना पत्र फार नम्र लिहावं लागायचं.

लेखातला प्रत्येक तक्ता मी आडवा आणि उभा बेरजेने तपासायचो. आमच्या हिने एकदा ऐकवलंच, “जगातल्या आजाऱ्यांची बेरीज करता, वाण्याचं बिल मात्र मलाच बघावं लागतं.” ते खरं होतं.

एका पावसाळ्यात त्याच कारखान्याच्या दवाखान्यातले तरुण डॉक्टर स्वतःचा पहिला लेख घेऊन आले. विषय ऊसतोड मजुरांना होणारा सर्पदंश. उसाच्या फडात घोणस निघते आणि तोडणाऱ्याच्या पायाला चावते. डॉक्टरांनी काही हंगामांत इकडून तिकडून मागून आणलेल्या सर्पविषावरच्या लसीवर दवाखान्यातच उपचार केले होते. लेखातलं शेवटचं वाक्य होतं, ‘उपचार घेतलेल्यांपैकी एकही दगावला नाही.’

“काका, हंगामाआधी छापून द्या,” ते म्हणाले. “लस आणि फ्रीजसाठी माझा अर्ज तीन वर्षं संचालक मंडळापुढे पडून आहे. छापलेलं दाखवलं की मंजूर करतील. नाहीतर यंदाही मागत फिरायचं, आणि मिळाली नाही तर गाडीत घालून नगरला पाठवायचं. वाटेत काय होतं ते मी पाहिलेलं आहे.”

मी तक्ता पुढे ओढला.

“दोन कुठे गेले?” मी विचारलं.

“कोण दोन?”

“एक्केचाळीस दाखल झाले. बरे होऊन गेले एकोणचाळीस. मेलेला कोणी नाही. मग दोन उरतात.”

ते हसले. “ते नातेवाइकांनी उपचार अर्धे टाकून नेले. तिथली तोड संपली, टोळी दुसरीकडे हलली, तिच्याबरोबर हे दोघेही गेले. असे रुग्ण सगळेच सोडून देतात, काका. वरही एकोणचाळीस करून टाका, जुळेल.”

“जुळेल,” मी म्हणालो, “पण ते जुळवलेलं असेल.”

संपादक इतका वेळ चष्मा पुसत होते. “हिशेबनीस, दोन माणसांसाठी अंक अडवणार का?”

“अंक अडत नाही. प्रेसला मजकूर द्यायला पंधरा दिवस आहेत. मी शोधतो.”

“नाही सापडले तर?”

“तर ‘दोघांचा ठावठिकाणा नाही’ असं छापू. पण मग ‘एकही दगावला नाही’ हे वाक्य जाईल.”

डॉक्टरांचा चेहरा उतरला. त्या वाक्यावरच त्यांची लस येणार होती. तरी म्हणाले, “चला, मीही येतो.”

दवाखान्याच्या रजिस्टरात दोघांच्या पत्त्याच्या जागी फक्त ‘पाथर्डी तालुका’ होतं, पण टोळीच्या मुकादमाचं नाव होतं. पोळा झाला की मुकादम पुढच्या हंगामासाठी माणसं जमवू लागतात आणि बाजाराच्या दिवशी हमखास सापडतात. मी एक किरकोळ रजा टाकली आणि आम्ही एसटीने तिसगावला गेलो. तिसऱ्या हॉटेलात मुकादम भेटला. जाडजूड माणूस, समोर चहा, मांडीवर वही. डॉक्टरांना त्याने लगेच ओळखलं.

“डागदर! तुमी हिकडं? आज काय बाजार करायला?”

डॉक्टरांनी दोघांची नावं सांगितली. पहिलं नाव ऐकून मुकादमाने हॉटेलाबाहेर बोट दाखवलं. “त्यो काय, भज्याच्या गाड्यापाशी. लई खातो. पान लागल्यापास्नं तर जास्तच.”

आमच्या भागात साप चावला असं तोंडाने म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात. डॉक्टर उठून बाहेर गेले. त्या माणसाने धोतर वर करून पाय दाखवला, डॉक्टरांनी पोटरी दाबून पाहिली, आणि दोघे हसत उभे राहिले. मी आत बसून माझ्या वहीत त्या नावापुढे ‘हयात’ लिहिलं. तेवढ्या वेळात मुकादमाचं लक्ष दुसरीकडे गेलं होतं, म्हणून बोलतं करायला मी विचारलं, “यंदा किती कोयते जमले?”

ऊसतोडीच्या हिशेबात कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. दोघं मिळून एक.

“साडेअकरा.”

“मागच्या साली?”

“बारा.”

“माणसं तीच?”

“तीच की.”

पन्नाशीपर्यंत मी हजारो बेरजा तपासल्या असतील, पण त्या अर्ध्याने माझा हात थांबला. “मग अर्धा कुठे गेला?”

मुकादमाने चहाची बशी बाजूला सारली. “बाई एकटी हाय आता. येकटीचा अर्धा कोयता धरत्यात.” मग माझ्या वहीतल्या दुसऱ्या नावावर त्याने बोट ठेवलं. “ह्योच तो. आमीच नेला, डागदरास्नी न इचारता. ट्रक भरला हुता, टोळी थांबवता येत न्हाई. आन् चांगला चालत हुता, सायेब. वाटलं, झालं बरं. तिसऱ्या दिशी लघवी बंद झाली.”

डॉक्टर दारात उभे राहून ऐकत होते. घोणशीचं विष मूत्रपिंडावर उशिरा जातं, हे मला नंतर कळलं. त्यांना ते आधीच माहीत होतं.

ती बाई बाजारात होती. मुकादमाने बोलावल्यावर पिशवी घेऊन आली आणि आमच्या टेबलापासून थोडं लांबच उभी राहिली. डॉक्टरांनी काही विचारायच्या आत म्हणाली, “तुमी म्हनला हुता, ऱ्हावा दोन दिस. आमीच न्हाई ऱ्हायलो. त्यो चालत ट्रकात चढला हुता. गाठोडं माज्याकडं हुतं.”

डॉक्टर तिच्याशी काही वेळ बोलले. मी चहाचे पैसे दिले.

परतीच्या एसटीत ते म्हणाले, “ते वाक्य काढून टाका, काका.”

“काढतो. त्या जागी दुसरं घालू. तुमच्याकडे राहिले ते एकोणचाळीसच्या एकोणचाळीस वाचले. उपचार अर्धे सोडून नेलेल्या दोघांतला एक गेला. हे काही कमी नाही. लसही मागा, आणि लस दिल्यावर माणसाला ठेवून घ्यायला खाट मागा.”

संपादकांनी ते वाचून मान हलवली. “दोघांवरून सिद्ध काहीच होत नाही, तसं एक वाक्य घाला. पण लपवण्यासारखंही काही नाही.” मग माझ्याकडे पाहिलं. “कारखान्याची टोळी हलवली म्हणून मजूर गेला, असं छापतोय आपण. तेही कारखान्याच्याच जाहिरातीच्या पोटात.”

“त्यांना आधी दाखवायचं?”

“जाहिरातदाराला लेख आधी दाखवायचा नाही. फोटो एक वेळ छापीन.”

छापलं. डॉक्टरांनी अंक संचालक मंडळापुढे ठेवला. तिथे काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. पुढच्या अंकासाठी मी नेहमीचं पत्र पाठवलं, उत्तर आलं नाही. फोटोही आला नाही. कव्हरचं मागचं पान कोरं गेलं.

मी हिशेब मांडला. सोळा पानं कमी केली, वर्गणी दहा रुपयांनी वाढवली आणि का वाढवली ते वर्गणीदारांना सरळ कळवलं. दोघांची वर्गणी आली नाही. त्यांतले एक वारले होते, याची मी पत्र पाठवून खात्री करून घेतली. बाकीच्यांच्या मनिऑर्डरी आल्या आणि त्रैमासिक चालू राहिलं. जाहिरातीशिवायही अंक निघतो, हे आधी आकडे मांडून पाहिलं असतं तर ती नम्र पत्रं लिहायची मेहनत वाचली असती.

दरम्यान दिवाळीनंतर डॉक्टरांचं पत्र आलं. मंडळाने अर्ज मंजूर केला होता; लस आली होती, फ्रीज जुना पण चालणारा मिळाला होता. रजिस्टरात आता मुकादम आणि गाव यांचे दोन नवे रकाने होते. हंगामातला पहिला रुग्ण त्याच टोळीतला निघाला. पूर्ण तीन दिवस ठेवून घेतला होता, बायकोसकट. तिसऱ्या दिवशी मुकादम दवाखान्याच्या दारात येऊन कुरकुरत उभा होता, “डागदर, पुरा कोयता बसून हाय माजा.”

“बसू दे,” डॉक्टरांनी सांगितलं होतं. कोयता बसून राहिला, आणि चौथ्या दिवशी पुराच परत गेला.