अक्काची जीप आणि माझा सल्ला

मंडळी, जुनी जीप घेताना आधी खाली झोपून चेसी, म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा, बघा. जाड टायर आणि जादा दिवे नंतर.

आज माझी चुलतबहीण सुमनअक्का मन्नाएखेळ्ळीला जुनी फोर बाय फोर जीप घ्यायला गेली. सोबत मला नेलं. अशी जीप मलाच कधीची हवी आहे. तिला स्टिअरिंगवर हसताना बघून माझ्या पोटात दुखलं.

मी जीपखाली शिरले. नव्या काळ्या रंगावर किल्ली घासली, तर गंजाचे पापुद्रे गळाले.

"अक्का, चेसी सडली बघ. घेऊ नको."

"कामून जळायलीस गं?"

मग तिनं स्वतः वाकून बघितलं आणि सौदा मोडला. परतताना रडत होती.

सल्ला खराच होता. पण गंज दिसला तेव्हा मला आनंद झाला, हे तिला सांगावं का?