गाडीखाली बोलला तो हरला

माझ्या विहीणबाईंना मी गरीब गाय समजले होते. आठवलं की अजून माझं मलाच हसू फुटतं!

रेल्वेच्या जुन्या दगडी पुलाखाली, एका कमानीत त्यांचं इस्त्रीचं दुकान. लेकीचं लग्न जमवायला गेले आणि मुद्दाम खोचकपणे म्हटलं, "स्थळ पुलाखालचं आहे, हे कुणी सांगितलं नव्हतं हो!" बाई मान खाली घालून गप्प. म्हटलं, चला, पोरगी सुटली. तेवढ्यात डोक्यावर धडधडत आलेली गाडी पुढे गेली आणि बाईंनी मान वर केली. "नांदायला मुलगी येणार आहे की तुम्ही?"

कमानीतल्या दुकानदारांचा नियमच तो. वरून गाडी जाताना बोलायचं नाही. भांडणात गाडीखाली बोलला, तो हरला. आमच्या विहीणबाई शिवीसुद्धा अर्धी तोंडात धरून ठेवतात, शेवटचा डबा गेला की उरलेली देतात.

परवा मी चादरी न्यायला गेले, तर तिथे एक साहेब. म्हणे, पूल आता वारसा म्हणून जपायचा, दगड खराब करणारी दुकानं हटवायची.

"तुमच्या धुराने कमान काळी झालीय. दुकान उचला."

"माझी इस्त्री विजेची आहे. डोळे घरी ठेवून आलात?"

बाईंची जिरतेय म्हणून मी खुशीत होते. मग डोक्यात प्रकाश पडला. दुकान गेलं तर ही बाई दिवसभर घरात, माझ्या पोरीच्या उरावर!

मी लगेच तोंड घातलं, "साहेब, शेजारच्या न्हाव्याचीही कमान काळीच आहे. तो काय दाढ्या जाळतो?"

साहेब चिडून उत्तर द्यायला लागले आणि वर गाडी आली. ते ओरडतायत, मानेच्या शिरा फुगल्यात, आवाज शून्य. बाई शांतपणे कॉलर दाबत होत्या.

गाडी गेली. "गाडीखाली बोललात. हरलात."

"हरलात, साहेब," शेजारून न्हावी.

"हा कुठला कायदा?"

"पुलाचा!" बाई म्हणाल्या. "पूल जपायला आलात ना? मग त्याची रीतही जपा."

साहेबांनी न्हाव्याच्या कमानीत डोकावून पाहिलं. ती बाईंच्या कमानीपेक्षा काळी. "बरं, काजळी तुमची नाही. राहू दे दुकान," म्हणत पाय आपटत गेले.

मी म्हटलं, "विहीणबाई, माझ्यामुळे वाचलात हं!"

त्यांनी नुसतं वर बोट दाखवलं. गाडी चालली होती.

मेली, हसत होती.