निलीचा घाणा

माझी भाची निली इथे इस्राएलात, डिमोना गावी, खताच्या कारखान्यात प्रोग्रामर आहे. पोती किती भरली, पट्टा कधी थांबवायचा, ते ती कॉम्प्युटरला शिकवते. पगार त्याचा. जीव मात्र खेळांत. आणि खेळायचं वेड नाही हं, खेळ बनवायचं! घरी आली की पायातले बूट काढायच्या आत परत कॉम्प्युटरपुढे. मी खालच्याच मजल्यावर राहते, मला सगळं ठाऊक.

हे खूळ लागलं ब्याण्णव साली. तेव्हा ती बारा वर्षांची, आई नसलेली पोर. तिचा बाप मिखाएल, म्हणजे माझा थोरला भाऊ, बस चालवायचा. डेपोच्या ऑफिसातला जुना कॉम्प्युटर टाकून देत होते, तो याने खांद्यावर घालून तीन जिने चढवला. पोरीने एका मासिकातून पानंच्या पानं आकडे उतरवून घातले आणि पडद्यावर एक उंट काढला. उंट कसला, चार चौकोन एकावर एक! मी म्हटलं, "अगं, हा उंट आहे की शिलाईचं मशीन?" ती खो खो हसली. आठवड्याने बघते तर उंटाला मान आलेली, आणि मी बटण दाबलं की तो खड्ड्यावरून उडी मारतोय. मी तोंडात बोट घातलं. काल जो जगात कुठेच नव्हता तो आज माझ्या बोटावर उड्या मारतो! माणसाला हे जमतं कसं, मला अजून कळलेलं नाही.

मिखाएल कुरकुरायचा. "डोळे फोडून घेशील," म्हणायचा, आणि स्वतःच तिच्या खुर्चीमागे तासभर उभा राहायचा. पुढे ती सैन्यात जाऊन आली, कारखान्यात लागली, तरी वर्षाला एक खेळ ठरलेला. कोणी मागितला की डिस्कवर उतरवून फुकट द्यायची.

दोन हजार तीन साली भावाचं उजवं अंग गेलं. वाचाही गेली. डॉक्टर म्हणाले, सहा महिन्यांत बोलले तर बोलले, पुढचं सांगता येत नाही. दवाखान्यातली बाई चित्रं घेऊन यायची. हे सफरचंद, ही किल्ली, सगळं हिब्रूत. भाऊ भिंतीकडे तोंड फिरवायचा. सहा महिने झाले, आठ झाले. ज्या माणसाने आख्ख्या बसला हसवत नेलं, त्याच्या तोंडून एक हुंकार नाही. निली सुकून गेली. मीही देवाशी भांडले, खोटं कशाला बोलू!

एक दिवस ती खाली आली आणि हिब्रूत म्हणाली, "आत्या, पप्पा लहानपणी काय काम करायचे?"

"घाणा," मी म्हटलं. "इकडे इस्राएलात यायच्या आधी कोकणात, रेवदंड्याजवळ, आमचा तेलाचा घाणा होता. बैल हाकायचं काम त्याचंच."

मग तिने माझं डोकं खाल्लं. बैल कोणत्या बाजूने फिरतो? डोळ्यांवर झापड कशाची? दाणे रगडणारी लाट केवढी, पेंड कुठे पडते? मी भांड्यांचा घाणा करून दाखवला, कमरेला पदर खोचून स्वतः बैल होऊन फिरले. ती हसत हसत लिहून घ्यायची. दोन महिने लागले.

एका दुपारी तिने भावाला पडद्यापुढे बसवलं. बटण दाबलं की बैल चालतो, तेलाची धार मडक्यात पडते, मडकं भरलं की दिवस संपतो. वर वाराचं नाव बदलतं. आई गं, तोच बैल! तोच पांढरा, एक शिंग वाकडं! भावाने डावा हात हळूच बटणावर ठेवला. रविवार भरला, सोमवार भरला. शुक्रवारचं मडकं भरलं आणि भावाने हात काढून घेतला.

निलीला वाटलं, दमले. तिने स्वतःच बटण दाबलं. बैल निघाला. तशी भावाने डाव्या हाताने टेबलावर थाप मारली, मान लटलट हलली, आणि तो ओरडला, "शनवार!"

मी कपाळावर हात मारला. कोकणात आम्हा यहुदी लोकांना सारा गाव शनवार तेली म्हणायचा, कारण शनवार आमचा देवाचा सुटीचा वार, घाणा बंद. त्या दिवशी बैलाच्या मानेवर जू चढायचं नाही. मी पोरीला बैलाच्या शेपटीपर्यंत सगळं सांगितलं आणि हेवढंच सांगायची राहिले. सांगावं लागेल, हे डोक्यातच आलं नाही! घरी शनवारी दिवा लावायला बोट न लावणारी निली, पण पडद्यावरचे वार तिला आकडेच वाटले. ती बापाच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडली आणि मीही रडले.

दुसऱ्या दिवशी तिने खेळ सुधारला. शनवार आला की जू खाली, बैल झाडाखाली, बटण दाबलं तरी काही होत नाही. मिनिटभर नुसतं बसायचं. त्या मिनिटात भाऊ म्हणाला, "पेंड." पुढच्या वेळी "विहीर." मग आमच्या बाचं नाव. सहा दिवस तोंड मिटून बैल हाकायचा आणि शनवारी शब्द काढायचा. दवाखान्यातली बाई चित्रं पिशवीतच ठेवून आमच्याबरोबर बसायला लागली.

मला मग वाटायला लागलं, हा शनवार लांबतोय की काय! निली रोज रात्री खेळात काहीतरी बदलत बसायची. मी गुपचूप घड्याळ लावून बघितलं. मिनिटाची तीन झाली होती, मग दहा. दोन हजार पाच साल उजाडेपर्यंत त्या खेळात सहा दिवस दोन मिनिटांत उरकायचे आणि शनवार पाऊण तास चालायचा. बैल झाडाखाली रवंथ करायचा आणि माझा भाऊ बोलत असायचा.