मागं पाह्य, भाऊ!

बाबा गेले तेव्हा टीव्हीवर मारामारी चालू होती आणि आवाज बंद होता. सौंसरला माझ्या घरी शाळेतल्या बाया चहाला आल्या होत्या. त्या गेल्यावर मी कप आवरले, आतल्या खोलीत डोकावले... बाबा खुर्चीत मान टाकून बसलेले. पडद्यावर एक मंत्री हात जोडून मतं मागत होता आणि त्याच्या मागून कोणीतरी पिस्तूल घेऊन येत होतं. डॉक्टरांनी नाडी पाहिली आणि विचारलं, "आवाज नाही दिला का त्यांनी?"

आवाज! आमच्या अख्ख्या पांढुर्ण्यात बाबांइतका दांडगा आवाज कुणाचा नव्हता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीच्या जत्रेत जाम नदीच्या दोन्ही काठांवरून दोन गावांचे एकमेकांवर गोटे सुरू झाले, तरी बाबा कधी गोटा उचलत नसत. पलीकडचं सावरगाव म्हणजे आईचं माहेर. "साळ्याले गोटा मारून त्याच्याच घरी जेवाले कसा जाऊ?" म्हणायचे. ते काठावर उभे राहून नुसते ओरडत. नदीत रोवलेल्या पळसाचा झेंडा तोडायला जो जाई, त्याची नजर झेंड्यावर. परतताना पाठ सावरगावकडे. त्याला सावध करायचं, हे काम बाबांनी स्वतःकडे घेतलं होतं. "मागं पाह्य, भाऊ! खाली बस!"

सिनेमातही तेच. सुडाचे, गुंडांचे, पुढाऱ्यांच्या खुनाखुनीचे सिनेमे त्यांना भारी आवडत. मारेकरी हिरोच्या पाठीशी आला की बाबा खुर्चीतून उठून ओरडलेच म्हणून समजा. टॉकीजमधले लोक शिट्ट्या मारत, मी ओढणीत तोंड लपवी. पुढे मास्तरीण झाले, तशी ती लाज आणखी शहाणी झाली.

गेल्या हिवाळ्यात नागपूरला मॉलमध्ये त्यांना सिनेमाला नेलं. सोबत सासरची मंडळी होती. बाबा अर्धे उठले आणि मी त्यांना हात धरून खाली ओढलं. "बाबा, लोक पाहून राहिले. गप बसा ना!" ते बसले. हिरोचा भाऊ पाठीत गोळी लागून मेला. सौंसर येईपर्यंत बाबा गाडीतून मागचा रस्ता पाहत बसले. उतरताना म्हणाले, "सांगतलं असतं तं वाचला असता ना बाई तो." सगळे हसले. मीही हसले.

त्यानंतर माझ्याकडे आले की टीव्हीचा आवाज ते आपणच बंद करत. पाहुणे असले तर खोकलाही दाबत. मला ते कळत होतं, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटत होतं. त्या दुपारी मी दारातून म्हटलं, "बाया येऊन राहिल्या, बाबा, जरा..." त्यांनी हसून रिमोट वर करून दाखवला.

छातीत कळ आली असेल. हाक घशापर्यंत आली असेल. भिंतीच्या अलीकडे मी बायांना बिस्किटं देत होते.

तेरवीला सावरगावचा मामा आला. म्हणाला, "भाऊजींच्या आवाजानं माह्यं डोस्कं वाचलं होतं, पोरी. गोटा पांढुर्ण्याचाच होता, तरी ओरडले. त्यांच्याच लोकायनं शिव्या देल्या त्याहिले."

परवा त्याच खोलीत तसलाच एक सिनेमा लागला होता. मी आवाज मोठा केला. हिरो पाठमोरा, मागून सुरा घेऊन एक जण... आणि मी ओरडले. चांगली बेंबीच्या देठापासून ओरडले, "मागं पाह्य, भाऊ!"

बाबांना हे सांगायला मला आवडलं असतं. फक्त एवढंच सांगता आलं नसतं, की ओरडण्याआधी मी उठून खिडकी लावून घेतली होती.