बोअरच्या पाण्यातली लाल लड

रंगारीकाकांना गल्लीत सगळे भिजकेकाका म्हणत. बाह्या कोपरापर्यंत कायम ओल्या, आणि बोलणंही पाण्यातून काढल्यासारखं सावकाश. मागच्या पडवीत मोठं पातेलं रटरटत असे आणि काका वाफेत उभे राहून कुणाला ना कुणाला पाण्याचे स्वभाव सांगत. मीठ भोळं. विरघळतं, पण कुणाच्या अध्यात ना मध्यात. तुरटी विरघळली की पाणी आंबटाकडे झुकतं, धुण्याचा सोडा त्याला उलट बाजूला ओढून नेतो. तिघेही पांढरेशुभ्र, पाण्यात गेले की दिसतसुद्धा नाहीत. पण लाखेच्या रंगाला बरोबर कळतात. पाणी आंबट असेल तर लोकर लालभडक, सोड्याचं असेल तर जांभळी.

काकांची लेक नोकरीसाठी दूर निघाली होती, शनिवारच्या गाडीनं. काकू तिच्यासाठी लाल शाल विणत होत्या आणि शेवटच्या वीतभरासाठी लोकर कमी पडली. काकांनी लाख उकळली, तुरटीत मुरवलेली लोकरीची लड सोडली आणि वर ओगराळंभर व्हिनेगर ओतलं. हे ओगराळं आजवर चुकलं नव्हतं, त्यामुळे पाणी चाखून बघायची सवय कधीच सुटली होती.

लड बाहेर आली ती जांभळी.

काकूंनी ती शालीशेजारी धरली. "अहो, लाल म्हटलं होतं मी. ही तर वांग्याची सालं सोलून आणलीत."

काकांनी मूठभर मीठ टाकून पाहिलं. काही फरक नाही. मग ते पातेल्याशेजारी स्टूल घेऊन नुसते बसले. दुपार वाफेत विरघळत चालली होती. भिंत, दोरीवरच्या लडी, काकूंच्या सुयांचा आवाज, सगळंच पाण्याखाली गेल्यासारखं वाटत होतं. चहाची किटली विसळायला घेतली तेव्हा बुडाला जमलेली पांढरी खपली बोटाला लागली. गल्लीत टाकीचं पाणी बंद होऊन बोअरचं आलं, तेव्हापासूनची ती. लाख मात्र त्यानंतर आज पहिल्यांदाच उकळली होती.

काकांनी पळीभर पाणी गार करून जिभेला लावलं. आंबटपणाचा मागमूस नव्हता. खडकातून येताना या पाण्यानं सोड्याचे भाऊबंद पोटात भरून आणले होते, आणि त्यांनी सगळं व्हिनेगर गिळून टाकलं होतं.

मग थोडं थोडं ओतणं सुरू झालं. ओतायचं, चाखायचं, डोळे मिटायचे. शेवटी जीभ आक्रसली. जांभळी लड परत आत गेली आणि तिच्यात लाल हळूहळू उगवत गेला, आतून कुणीतरी दिवे लावत चालल्यासारखा. शेवटच्या विसळणीतही काकांनी व्हिनेगर घातलं, नाहीतर ते बोअरचं पाणी पुन्हा डाव साधायचं.

शनिवारी शाल पूर्ण झाली. जोड कुठे आहे ते काकूंनाही सापडेना. लेकीनं ती खांद्यावर घेतली, आरशात पाहिली, आणि घडी घालता घालता विचारलं, की तिथे धुतली आणि जांभळी पडली तर काय करायचं.

व्हिनेगर घाल, हे काकांच्या ओठांवर आलं होतं. पण त्यांनी शाल तिच्या पिशवीत नीट दाबून बसवली.

"काही करू नकोस," ते म्हणाले. "तिथल्या पाण्याची झाली म्हणायचं."